तलवाड्याचा कीपर लोनवर

मांजरसुंब्याच्या फाट्यावर सोलापूरची बस यायला उशीर होता आणि मला वाटत होतं, ती आलीच नाही तर बरं होईल. ढाब्याच्या बाकड्यावर माझे वडील, अप्पा, माझ्या बॅगेवर हात ठेवून बसले होते. समोरचा चहा गार झाला होता. मी एकोणीस वर्षांचा, उंचीनं अप्पांपेक्षा वीतभर जास्त. सोलापुरातून रेल्वे, मग केरळ. तिथल्या एका लहान गावच्या क्लबकडून मला एक सीझन फुटबॉल खेळायचा होता.

अप्पांनी एकच विचारलं, "तिकडं काय झालं तर फोन कुणाला करायचा?"

मला तिथल्या एकाही माणसाचं नाव माहीत नव्हतं. मी म्हटलं, "मी करीन ना."

"तुला झालं तर, म्हणतोय मी," अप्पा म्हणाले आणि रस्त्याकडं बघत बसले.

त्याआधीची तीन वर्षं मी पुण्यात होतो. तलवाड्याच्या शाळेत खेळाचे सर कोल्हापूरचे होते, म्हणून आमच्या गावात क्रिकेटच्या जोडीला फुटबॉल आला. मी उंच, म्हणून गोलमध्ये उभा राहिलो. चकलांब्याचा दत्ता मिडफिल्डला खेळायचा. पुण्यातल्या एका क्लबच्या निवड चाचणीला सरांनी आम्हा दोघांना नेलं आणि दोघंही निवडले गेलो. पुण्याला जाताना भीती वाटली नव्हती, कारण दत्ता सोबत होता. होस्टेलच्या एकाच खोलीत राहायचो, आपल्याच भाषेत एकमेकांना शिव्या द्यायचो. मैदानावरचं गवत आमच्या घरच्या अंथरुणापेक्षा मऊ होतं.

पण क्लबमध्ये गोलकीपर चार होते आणि मी चौथा. रोज सराव आणि मॅचच्या दिवशी बाकावर. अठरा पुरी झाल्यावर कोचनी मला आणि दत्ताला ऑफिसात बोलावलं आणि दोघांपुढं लोनचे कागद ठेवले. लोन म्हणजे करार पुण्याचाच, पण एक सीझन दुसऱ्या क्लबकडून खेळायचं. कोच मला म्हणाले, "इथं तू शिकतोस, पण चुकत नाहीस. चुकायला मॅच लागते."

दत्तानं सरळ नाही म्हटलं. खोलीवर आल्यावर म्हणाला, "मी न्हाई जात बे. इथून हाललो की आपली जागा गेली. तू बी नको जाऊ."

मला नाही म्हणायचीसुद्धा भीती वाटली. मी सही केली.

निघण्याआधी आठ दिवस घरी आलो. अप्पांचं किराणा दुकान आहे, त्यांना लोन म्हणजे बँकेचं तेवढंच ठाऊक. आईला समजावून सांगितलं तर ती म्हणाली, "माणूस उसना देतात व्हय रं? वाटीभर साखर देतात उसनी." मग पीठ मळता मळता हात थांबवून तिनं हळूच विचारलं, "तुला ठेवायचं न्हाई म्हणून तर पाठवीत नसतील?"

माझ्या मनातलंच ती बोलली होती. त्या आठ दिवसांत मला धड जेवण गेलं नाही.

केरळात मला चपलांच्या दुकानावरची खोली मिळाली. खाली माणसं बोलायची ते पाण्याच्या खळखळाटासारखं वाटायचं, त्यात एकही ओळखीचा शब्द सापडत नसे. तिथं फुटबॉल म्हणजे गावाचा श्वास. सराव बघायलाही म्हातारी माणसं लुंगी खोचून उभी असायची, नव्या कीपरला न्याहाळायची. ती आपसांत काय म्हणतात ते कळत नसल्यामुळं मी सगळ्यात वाईट तेच धरून चालायचो.

गोलकीपरचं अर्धं काम आवाजाचं असतं. मैदान फक्त त्यालाच पुरं दिसतं, म्हणून त्यानं पुढच्या बचावपटूंना सतत ओरडून सांगायचं असतं. सरावात मी हातवाऱ्यांनी वेळ मारून नेली. कोच ओरडायचे, मी मान डोलवायचो.

पहिली मॅच रविवारी होती. गॅलरी गच्च भरलेली. ड्रेसिंग रूममध्ये मी दोनदा ओकलो. उत्तरार्धात डावीकडून उंच चेंडू आला. मी पुढं धावलो. आमचा बचावपटू रफीक पाठमोरा तोच चेंडू घ्यायला मागं सरकत येत होता. अशा वेळी "कीपर" असं ओरडायचं, हे सगळ्या जगाला माहीत आहे. माझा घसाच बंद झाला. अगदी शेवटी आवाज फुटला तो तलवाड्याचा, "सोड बे!" त्याला काय कळणार? माझा गुडघा त्याच्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. चेंडू गोलमध्ये गेला, पण तिकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. रफीक कुशीवर पडून गवत उपटत होता.

त्याच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. त्याचा सीझन संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बॅग भरली. पुण्याला जाणं शक्य नव्हतं, घरी काय सांगणार तेही कळत नव्हतं, पण तिथून निघायचं होतं. बसस्टँडवर उभा असताना रफीकचा फोन आला. तो दोन वर्षं दुबईत राहिलेला, तिथं हिंदी शिकला होता. म्हणाला, "घर पे आओ. अम्मा बुला रही है."

मला वाटलं, घरचे लोक मारतील. तरी गेलो, कारण न जाण्याची त्याहून जास्त भीती वाटली. रफीक हात गळ्यात बांधून खुर्चीत बसला होता. त्याच्या आईनं माझ्याकडं पाहिलं, ती आत गेली आणि तिनं भात-मासळीचं ताट माझ्यापुढं ठेवलं. आमच्या लिंगायत घरात मासळीचा वासही आलेला नाही. मी ताटाकडं बघत राहिलो. रफीकला उमगलं. त्यानं आईला काहीतरी सांगितलं, तिनं ताट उचललं आणि केळं अन् तांदळाच्या पिठाचं वाफवलेलं पुट्टू आणून ठेवलं.

"तू क्या चिल्लाया था?" त्यानं विचारलं.

"सोड. मतलब, छोड दे."

"डर गया था?"

मी हो म्हणालो. पुण्यात तीन वर्षांत, घरी आठ दिवसांत, कुणालाच मी हे सांगितलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"मैं भी," रफीक म्हणाला. "पीछे से आवाज नहीं आता तो डिफेंडर बहुत डरता है."

हे मला कधी सुचलंच नव्हतं. भ्यायलेला मी एकटाच आहे असं धरून मी गप्प राहिलो होतो, आणि माझ्या गप्प राहण्यानं पुढचा माणूस भीत होता. त्या दुपारी त्यानं मला मैदानावर ओरडायचे दहा-बारा मल्याळम शब्द शिकवले. त्याच्या एक्स-रेच्या पाकिटावर मी ते देवनागरीत लिहून घेतले. बॅग घेऊन परत खोलीवर आलो.

भीती गेली असं मी म्हणणार नाही. प्रत्येक मॅचआधी ओकायचो ते शेवटपर्यंत. पण आवाज सुटला. रफीक गोलमागं खुर्ची टाकून बसायचा आणि माझा उच्चार चुकला की हसायचा. त्या सीझनमध्ये मी जेवढा कीपर झालो तेवढा पुण्याच्या मऊ गवतावर दहा वर्षांत झालो नसतो, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

आणि आता दुसरी बाजूही सांगायला हवी. त्या क्लबला फिजिओ नव्हता. माझं बोट निखळलं तेव्हा गावातल्या मालिशवाल्यानं ओढून बसवलं, ते आजही वाकडं आहे आणि थंडीत दुखतं. दत्ता पुण्यातच राहिला. त्याच्या गुडघ्यात बिघाड सुरू झाला होता, तो तिथल्या फिजिओनं वेळेवर ओळखला. दत्ता लोनवर गेला असता तर गुडघा गेला असता. तो आज मुख्य संघात खेळतो. मी परतलो तो राखीव कीपर म्हणूनच, आणि पुढं कोचिंगचं लायसन्स काढून त्याच क्लबात पोरांना शिकवायला लागलो.

आमच्या गेवराई भागातले पालक फोन करून विचारतात, पोराला लोनवर पाठवावं की क्लबातच ठेवावं. त्यांना मी दोन्ही गोष्टी सांगतो, दत्ताची आणि माझी. सांगताना मला मांजरसुंब्याच्या फाट्यावरचे अप्पा दिसतात.

यंदा ओंकारचा लोनचा कागद माझ्यापुढं आला. ओंकार अंबाजोगाईचा, अठरा वर्षांचा, चांगला कीपर. त्याला मिझोरामला पाठवायचं होतं आणि मत माझं मागितलं होतं. तो कागद चार दिवस माझ्या टेबलावर पडून होता. शेवटी मी होकार लिहिला. तिथल्या क्लबला फोन करून विचारलं, त्याला घ्यायला कोण येणार, दुखापत झाली तर दवाखान्यात कोण नेणार. ती नावं आणि नंबर ओंकारच्या आईला पाठवले. ओंकारला म्हटलं, "भ्यालास तर सांग. मला सांग, न्हाईतर तिथं कुणाला तरी सांग. पण सांग."

तो म्हणाला, "सर, आत्ताच लई भ्या वाटायलंय."

मी म्हटलं, "हां. असंच सांगायचं."

पुण्यात माझा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे, दारावर माझ्या नावाची पाटी आहे. तलवाड्याला गेलो की शेजारीपाजारी 'कधी आला'च्या आधी 'कधी जाणार' विचारतात. मग घर कुठलं म्हणायचं, हे मला बरीच वर्षं कळत नव्हतं.

गेल्या महिन्यात सराव चालू असताना अप्पांचा फोन आला. दुपारची वेळ, बाजाराचा दिवस. बाजाराच्या दिवशी अप्पा दुकान सोडून कधी फोन करत नाहीत. स्क्रीनवर नाव दिसलं आणि छातीत धस्स झालं. आईचं काही, अप्पांचंच काही, तेवढ्यात किती काय काय डोळ्यांपुढून गेलं. पुण्यातल्या कुठल्याही फोननं माझं असं होत नाही. तलवाड्याच्या फोननं होतं, रफीकच्या आईचा अजून येतो त्या फोननं होतं, आणि आता ओंकारच्याही होतं.

"अप्पा, काय झालं?"

"काई न्हाई," अप्पा म्हणाले. "सहजच केलता."

मी मैदानाच्या कडेला खाली बसलो. पोरं माझ्याकडं बघत उभी राहिली. अप्पा पलीकडून हरभरा डाळीचा भाव न् तूरडाळीचा भाव, असं काहीतरी सांगत होते, आणि मी नुसता हूं हूं करत ऐकत राहिलो.