तात्यांची परीक्षा

हसणार नसाल तर सांगते. हसाल म्हणा, पण ऐका तरी!

शहाण्णव-सत्त्याण्णव साल असेल. मी बारामतीच्या एका दवाखान्यात नर्स होते. सांगवीच्या तात्यांच्या पायाला जखम झाली होती, तिची पट्टी बदलायला मी दिवसाआड एसटीनं जायची. तात्या ऐंशीच्या पुढचे, सगळा जन्म मेंढरांमागं गेलेला.

त्या दिवशी अंगणातच त्यांच्या मुलानं, बापूनं, मला बाजूला घेतलं. तात्या विसरायला लागलेत, असं त्याच्या मनानं घेतलेलं. उरलेली वीस मेंढरं विकून म्हाताऱ्याला घरात बसवायचा बेत होता.

"सिस्टर, तुमी म्हणाल तसं करतो," म्हणाला.

आता मी म्हाताऱ्यांच्या आजारांचं तीन दिवसांचं शिबिर नुकतंच करून आलेली. शहाणपण नुसतं उतू चाललेलं! पट्टीची पिशवी खाली ठेवली आणि वही काढली.

"तात्या, पंतप्रधान कोण?"

"सकाळपास्नं रेडू लावला न्हाय. आज कोण हाय, म्हाईत न्हाय."

चूक, मी लिहिलं. त्या दिवसांत दिल्लीत सरकारं किती टिकत होती, ते माझ्या डोक्यातच आलं नाही बघा. शंभरातून सात-सात वजा करा म्हटलं, तर म्हणाले, कशापायी? तीही चूकच धरली. वही मिटली आणि बापूला सांगून टाकलं, मेंढरं विका.

तेवढ्यात सून मेंढरं चारून घेऊन आली. तात्यांनी मोजलं नाही, फक्त नजर फिरवली.

"बंडी मेंढीचं कोकरू आलं न्हाय. वढ्याकडं बघा."

बापू पळाला. कोकरू ओढ्यात बाभळीच्या काट्यांत अडकलेलं. मला तर सगळी मेंढरं एकाच तोंडाची दिसत होती हो! त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं, आणि पडलेच. चुकलं म्हटलं. बापूनंही कोकरू खाली सोडत कबूल केलं, मेंढरं विकायची न्हाईत.

डोळे पुसले, पिशवी उचलली आणि मी स्टँडकडं निघाले. मागून हाक आली.

"बाई, हितं कशाला आलीवतीस?"

वळून बघते तर तात्यांनी पाय पुढं केलेला. परवाचीच पट्टी!

पट्टी बदलून झाल्यावर ते शांतपणे म्हणाले, "बापू, हिला गाडीत बसवून ये. यकटी सोडू नगंस."

आणि बापूनं खरंच बसवलं. वर कंडक्टरला बजावलं, बारामती आली की बाईंना तेवढं उतरवा.