रेघ मारलेली बाजू

माझा राग नाकावर असतो, असं लहानपणापासून लोक मला सांगत आलेत, आणि दर वेळी मला त्याचाच राग आलेला आहे. तेव्हा आमच्या कॉलेजात दिल्लीच्या हुकमाने तो तपासणी अधिकारी येऊन बसला, त्या पंधरवड्यात मी किती जणांवर डाफरले असेन ते विचारूच नका. आज मात्र त्या माणसाची आठवण निघाली की हात जोडावेसे वाटतात. त्याची आणि आमच्या सरांची, दोघांची. सरांची जरा जास्तच.

चीनशी लढाई झाली त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. बंगळूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात धातूंची प्रयोगशाळा होती, तिथे मी संशोधन साहाय्यक होते. वडील गेल्यावर आईला घेऊन पुण्याहून इथे आले आणि मल्लेश्वरमला दोन खोल्यांत आम्ही दोघी राहू लागलो. लग्न केलं नव्हतं. पुण्याला काकांनी माझ्यासाठी एक बिजवर हेरून ठेवला होता. ‘नोकरीचं खूळ उतरलं की कळव,’ असं ते प्रत्येक पत्रात लिहायचे, आणि आई ते पत्र मला दाखवायच्या आधी दोनदा घडी घालायची. म्हणजे नोकरी गेली तर पुढे काय, हे मला स्वच्छ दिसत होतं. पुणे, काका आणि तो बिजवर.

आमच्याकडे एक यंत्र होतं. त्यात धातूची नळी अडकवायची आणि ते ती नळी वाकवणार, सरळ करणार, पुन्हा वाकवणार, मोडेपर्यंत. किती वेळा वाकवल्यावर मोडली तो आकडा मी टिपायची. कुणाला सांगितलं तर हसायचे. ‘एवढं शिकून काय करतेस, तर नळ्या मोडतेस?’ असं मावशी म्हणाली होती. पण मला त्या कामाचं वेड होतं. यंत्राचा आवाज बदलला की नळी आता जाणार, हे मला दुसऱ्या खोलीतून कळायचं.

हे यंत्र जर्मनीतल्या एका विद्यापीठाने आम्हाला भेट दिलं होतं. तिथल्या म्हाताऱ्या प्राध्यापकांशी आमच्या सरांचा दहा वर्षांचा पत्रव्यवहार. दोघांनी एकमेकांना पाहिलेलं नव्हतं, पण पत्रांतून चांगलं भांडायचे. यंत्र कुरकुरलं की सर मला म्हणायचे, ‘बाई, तुम्हीच लिहा त्यांना, तुमचंच ते ऐकतं.’ मग मी लिहायची, आकृत्या काढून पाठवायची, आणि माझी आकृती लाल पेन्सिलीने दुरुस्त होऊन शाळेच्या वहीसारखी परत यायची. त्या सप्टेंबरात सर स्वतः वर्षभरासाठी तिकडे जाणार होते. आमंत्रण आलेलं होतं, फक्त सरकारी परवानगी यायची होती. शिंप्याकडून गरम कोटही शिवून आला होता आणि मे महिन्याच्या उकाड्यात तो घालून त्यांनी आम्हाला दाखवला होता.

आता कागदाचं सांगते, कारण सगळं रामायण तिथूनच झालं. सर विदर्भातले, गरिबीतून वर आलेले. एका बाजूने कोरा असलेला कागद फेकणं हे त्यांच्या लेखी पाप. लग्नपत्रिकांच्या मागे ते व्याख्यानाची टिपणं काढत, पाकिटं उसवून आतल्या बाजूवर गणितं करत. आमच्या घरीही तेच. वडील कचेरीतून पाठकोरे कागद आणायचे, आमचे शाळेचे सगळे निबंध आधी त्यांवर व्हायचे. आणि त्याची एक पद्धत असे. वापरलेल्या बाजूवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ मारायची. रेघ मारली की ती बाजू संपली. ती वाचायची नसते, तिच्याकडे बघायचंसुद्धा नसतं. हे आम्हाला कोणी शिकवलं नाही, अंगातच होतं.

प्रयोगशाळेत शहराबाहेरच्या एका सरकारी कारखान्याच्या नळ्या तपासायला यायच्या. ते आकडे कुणाला सांगायचे नाहीत, अहवाल कुलपात ठेवायचे आणि टंकलेखनात चुकलेले कागद जाळायचे, असा नियम होता. पण कार्बन प्रतीचा तो पातळ, सुरेख कागद जाळायला सरांचा हात होईना. ‘बाई, सरस्वती आहे ही,’ म्हणत त्यांनी एक गठ्ठा माझ्या टेबलावर आणून ठेवला. पातळ कागद, हलका, परदेशी टपालाला अगदी सोयीचा. मी त्यातलाच एक घेतला, टंकलेल्या बाजूवर रीतसर रेघ मारली आणि कोऱ्या बाजूवर यंत्राच्या बिघडलेल्या दांड्याची आकृती काढून जर्मनीला धाडून दिली. मनात कसलीही शंका नाही. उलट टपालहंशील वाचवलं म्हणून खूश.

मग तो हुकूम आला. परदेशाशी ज्यांचा ज्यांचा संबंध आहे त्या सर्वांनी पत्रं दाखवावीत, भेट मिळालेल्या वस्तू लिहून द्याव्यात, छापील तक्ता भरावा. कॉलेजात नुसती धांदल उडाली. एकाने पोस्टाची तिकिटं जमवण्यासाठी केलेला पत्रमित्र लिहिला. दुसरा विचारत फिरत होता की मेहुण्याने दिलेलं परदेशी फाउंटन पेन यात धरायचं का. वाचनालयाशेजारच्या खोलीत अधिकारी येऊन बसला. पन्नाशीचा, कपाळावर बारीक गंध, समोर टोकदार पेन्सिलींची रांग. मी माझी फाइल घेऊन गेले तेव्हा सर बरोबर होते. मी त्यांना मराठीत, जरा मोठ्यानेच म्हटलं, ‘कुठलं हे शुक्लकाष्ठ मागे लागलंय हो. आम्ही काय हेर आहोत?’

अधिकाऱ्याने मान वर न करता मराठीतच उत्तर दिलं. ‘स्वल्प बसा, अक्का. हेर फाइल लावून आणत नाहीत.’ त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं, घरात अजून मराठी. त्यांच्या मराठीत निम्मी कन्नड, पण समजायला काही अडत नव्हतं. माझ्या कानशिलांपर्यंत आग गेली. सर खिडकीबाहेर बघून हसू दाबत होते.

त्यांनी फाइल पानपान चाळली. लाल पेन्सिलीने दुरुस्त झालेली ती आकृती मी मोठ्या कौतुकाने फाइलला लावलेली होती. ती त्यांनी पाहिली, आणि मग साध्या सवयीने कागद उलटा केला. आमच्यापैकी कोणी तो उलटा केला नसता. मागे कारखान्याचं नाव होतं, नळ्यांचे क्रमांक होते, कोणती नळी किती भाराखाली कितव्यांदा मोडली ते सगळं होतं. आणि त्यावर माझी तिरकी रेघ.

‘हे जर्मनीला जाऊन आलं?’ त्यांनी विचारलं.

‘त्या बाजूवर रेघ मारलीय,’ मी म्हटलं. खरंच, तोंडातून तेच आलं.

‘रेघेखालचं वाचता येत नाही काय, अक्का?’

इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला ती बाजू दिसली. सरांचा चेहरा पांढरा पडला होता. अधिकाऱ्यांनी आवाज चढवला नाही की दम दिला नाही. एवढंच म्हणाले, की नियम मोडलेला आहे, त्यामुळे हे वर कळवावं लागेल, आणि अशा गोष्टीत नोकरी जाऊ शकते. कागद तुमच्याकडे कसा आला ते उद्या दहापर्यंत स्वतःच्या शब्दांत लिहून आणा, विभागप्रमुखांच्या, म्हणजे सरांच्याच, सहीने.

घरी आले तेव्हा आई भुईमुगाच्या शेंगा सोलत बसली होती. तिला सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं, ‘आणि सरांचं जर्मनीला जायचं?’ मी त्यावरच अडले होते. सरांनी गठ्ठा दिला असं लिहिलं तर माझ्यावरचा बोल निम्मा कमी होणार होता, पण त्यांची परवानगी बोंबलणार होती. दहा वर्षं वाट पाहिलेला माणूस. शेवटी मी लिहिलं, की जाळायच्या कागदांतला एक मी कुणाला न विचारता स्वतःहून उचलला. आईला ते मराठीत वाचून दाखवलं. पुढ्यातला सोललेला ढीग तिने पुन्हा एकदा निवडायला घेतला. आम्हा दोघींनाही पुणे दिसत होतं.

सकाळी सरांच्या टेबलावर तो कागद ठेवला आणि म्हटलं, ‘नुसती सही करा, सर. वाचायची गरज नाही.’ अर्थात त्यांनी वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. मग पेनाचं टोपण काढलं आणि माझ्या सहीखाली लिहू लागले. मी त्यांच्या हातातून कागद ओढून घ्यायची राहिले एवढंच. त्यांनी लिहिलं होतं, की वरील मजकूर खरा नाही, कागद मी स्वतः दिला, नियम मला माहीत होता आणि या बाईंना तो समजावून सांगणं माझं काम होतं.

मी त्यांना वाटेल ते बोलले. ‘तुम्हाला अक्कल आहे का’ इथपर्यंत बोलले, आणि ते माझे सर होते. त्यांनी शांतपणे टोपण लावलं. ‘बाई, तुम्ही खोटं लिहिलंत, आणि तेही वाईट इंग्रजीत. मला सही करायला लाज वाटली.’ मग म्हणाले, ‘मी गेलो नाही तर वर्ष जाईल. तुम्ही गेलात तर यंत्राकडे कोण बघणार?’

अधिकाऱ्यांनी दोन्ही मजकूर वाचले. म्हणाले, ‘दोन्ही खरं कसं होईल? अक्का, तुम्ही दुसरं लिहून द्या.’ मी हट्टाने नाही म्हटलं. माझ्या स्वभावाला तेव्हा औषध नव्हतं. त्यांनी कोरा कागद पुढे ओढला. ‘सरी, ठीक आहे,’ म्हणाले, ‘मग मी जे झालं ते सगळं लिहितो. रेघेचंसुद्धा लिहितो.’ आणि खरोखरच त्यांनी तीन पानं लिहिली. पुढे कित्येक वर्षांनी ती मला वाचायला मिळाली. या लोकांत रेघ मारलेली बाजू वाचत नाहीत, त्यामुळे हेतू वाईट नसून सवय वाईट आहे, असं त्यात सरकारी इंग्रजीत लिहिलेलं होतं. दोन ओळींत उरकून मला घरी बसवणं त्यांना किती सोपं होतं. त्या माणसाला मी मनातल्या मनात काय काय नावं ठेवली होती, ते आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

दोन महिने आम्ही उत्तराची वाट बघितली. या दोन महिन्यांत काकांचं पत्र आलं की आई ते न उघडता कपाटात टाकायची. उत्तर ऑगस्टच्या शेवटी आलं. मला ताकीद देऊन कामावर ठेवलं होतं. सरांच्या परदेशगमनाचा विचार तूर्त करता येत नाही, असं खालच्या परिच्छेदात होतं. सरांनी पत्र वाचून दाखवलं, पहिला परिच्छेद मोठ्याने, दुसरा जरा भरभर. मग म्हणाले, ‘चला, चार नंबरची नळी लावा.’ मी नळी लावली. डोळ्यांपुढे काही दिसत नव्हतं, त्यामुळे ती वाकडी लागली, आणि त्यांनी उठून ती सरळ लावून दिली.

‘तूर्त’ हा शब्द सरकारी होता. तो पाच वर्षं टिकला. तोवर सरांची प्रकृती ढासळली, डॉक्टरांनी थंड हवा वर्ज्य सांगितली. जर्मनीहून पुन्हा एका जागेसाठी पत्र आलं, तेव्हा सरांनी माझं नाव सुचवलं. परवानगीसाठी मी गेले तर टेबलामागे तेच अधिकारी, आता केस पांढरे झालेले. म्हणाले, ‘तुमच्या फाइलमध्ये सगळं आधीच लिहिलेलं आहे, अक्का. विचारायला काही उरलेलं नाही.’ ज्यांनी तेव्हा तक्त्यात गोलमाल उत्तरं भरली होती त्यांचे अर्ज महिनोन्महिने अडकले. माझा आठ दिवसांत सुटला. त्या तीन पानांनी मला वाचवलं होतं, आणि आता तीच मला पुढे धाडत होती. मी त्यांना वाकून नमस्कार केला, तेव्हा ते गडबडून उभे राहिले.

जर्मनीतल्या त्या गावात गाडी पोचली तेव्हा दुपार होती. म्हातारे प्राध्यापक स्वतः स्टेशनवर आले होते. आम्ही एकमेकांना पाहिलेलं नव्हतं, पण साडी बघून त्यांनी लगेच ओळखलं, दोन्ही हातांनी माझा हात धरला, आणि मग माझ्या खांद्यावरून डब्याच्या दाराकडे बघत राहिले, मागून आणखी कोणी उतरतंय का. दार बंद झालं तरी बघत होते. त्या वर्षी आपण का आलो नाही, याचं खरं कारण सरांनी त्यांना कधी कळवलंच नव्हतं. मी म्हटलं, ‘मी एकटीच आले आहे. ही जागा त्यांची होती. माझी नोकरी वाचावी म्हणून त्यांनी ती सोडली.’ हे वाक्य मी इतक्या वर्षांत कुणापुढे मोठ्याने बोलले नव्हते, खुद्द सरांपुढेही नाही. आणि भर फलाटावर, अनोळखी माणसांत, मला रडू फुटलं.