उष्टे पाइप

पाइप ओढणाऱ्या माणसांशी माझी कधी दोस्ती झाली नाही. त्यांनी मागे टाकलेले पाइप मात्र मी वेड्यासारखे गोळा केले. सत्तरच्या दशकात मी चिखल्याच्या मॅंगनीज खाणीवर हजेरी मांडायचो. जुने गोरे साहेब निघून गेले, त्यांच्या बंगल्यांतलं किडुकमिडुक खानसाम्यांकडे आणि तुमसरच्या भंगारवाल्याकडे आलं, तिथून माझ्याकडे. मला फक्त ब्रायरचे हवे असत. ब्रायर म्हणजे परदेशातल्या एका झुडपाच्या मुळाची गाठ; विस्तवाला दाद देत नाही. आतली काजळी मी कधी खरवडली नाही. ओढणाऱ्याचा सगळा वास तिच्यात मुरलेला असतो, तो गेला की उरतं नुसतं लाकूड.

आईला याची किळस यायची. "दुसऱ्याच्या तोंडातलं उष्टं घरात कायले आणून राहिला? कोन कुठचा साहेब, त्याची थुंकी!" पाइपांची पेटी तिनं सपरीत, दाराबाहेर ठेवायला लावली. उष्ट्याच्या बाबतीत ती फार कडक होती. फक्त बाबांचं जेवण झालं की त्यांच्याच ताटात स्वतःला वाढून घ्यायची. तेवढं एक उष्टं तिला जन्मभर चाललं.

बाबा खाणीत ड्रिलवर होते. धुळीनं त्यांची छाती खाल्ली आणि डॉक्टरांनी बिडी बंद केली. तल्लफेनं जीव कासावीस व्हायचा, म्हणून मी त्यांना पेटीतला एक पाइप दिला, रिकामाच. तो ते दिवसभर चघळायचे. शेवटी शेवटी दांडीवर त्यांच्या दातांची खूण उमटली होती. मला माझ्या सगळ्या संग्रहात तोच एक खरा वाटायचा.

बाबा गेले. त्या गर्दीत कुणीतरी तो पाइप पेटीत टाकून दिला. दहाव्याला सुतक फिटतं, घरातली वस्तू न् वस्तू धुतली जाते. मी डोकं भादरून नदीवरून परतलो, तर चुलीवर मोठा गंज रटरटत होता आणि सोड्याच्या पाण्यात माझे सगळे पाइप. एकदाचा सारा विटाळ निघावा म्हणून आईनं पेटीच त्यात उपडी केली होती. मला भयंकर संताप आला. पण तिच्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं आणि चुलीतली लाकडं तेवढी मागे ओढली.

संध्याकाळी ती त्या ढिगासमोर बसली. काळ्या दांड्या सगळ्या सारख्याच पिवळट पडल्या होत्या. ती एकेक उचलून नाकाशी धरत होती.

"यातला तुह्या बाबाचा कोनता?"

मी दातांची खूण चाचपून तो काढून दिला. तिनं वास घेतला. मग पदरानं न पुसता सरळ तोंडात धरला.

"सोड्याचाच वास येऊन राहिला रे," ती म्हणाली.

जेवायच्या वेळी तिनं बाबांचं ताट पुढ्यात ओढलं. तेही लख्ख घासलेलं होतं. ती त्याकडे पाहत बसून राहिली आणि न जेवताच उठली.