गारवा केळीसाठी आहे

"ऊठ गं! गारवा केळीसाठी आहे, तुझ्यासाठी नाही."

सुपरवायझरने माझ्या पोरीचा दंड धरला आणि ओढून उभं केलं. सात वर्षांची पोर. कोल्ड रूमच्या दाराखालून जरा थंड हवा येते, तिथे फरशीला गाल लावून झोपली होती. सगळ्या बाया बघत होत्या. मी हौदात केळीच्या फण्या धूत होते. 

भुसावळ रस्त्यावरच्या आमच्या पॅकिंग हाऊसमधून केळी परदेशात जातात. त्यांना डाग चालत नाही. ऊन तर अजिबात चालत नाही.

सकाळी शाळेच्या ग्रुपवर मेसेज आला होता. उष्णतेची लाट, जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, पुढील सूचनेपर्यंत शाळा बंद. मुलांना घराबाहेर सोडू नका, असंही त्यात होतं. माझं घर म्हणजे पिंप्राळ्यातली एक खोली, वर पत्रा. नवरा ट्रकवर, सध्या गुजरातेत. पोरीला कोणाजवळ ठेवायचं, ते मेसेजमध्ये नव्हतं. सुपरवायझरला फोन करून सुट्टी मागितली.

"आज कंटेनर भरायचाय. येत नसशील तर कायमचीच येऊ नको."

मग पोरीला घेऊनच गेले. सुपरवायझरने तिला गेटजवळ निंबाखाली बसवायला लावलं. दुपारी सावली सरकली. पोर आत आली.

एवढंही मी गिळलं असतं. पण ऑफिसला काच आहे.

काचेपलीकडे अकाउंटच्या मॅडमचा मुलगा सोफ्यावर लोळत होता. त्याचीही शाळा बंद. तोच आदेश. हातात मोबाइल, पुढ्यात आइस्क्रीम. सकाळी माझ्यासमोर शेठ हसत म्हणाले होते, "आणा की त्याला, मॅडम. आपलं घरचंच आहे."

मी जळत होते. खोटं कशाला बोलू? त्या लेकराच्या पायात मोजे होते. एसीत त्याला थंडी वाजत होती! मला त्या मोज्यांचा राग आला. खोक्यात फोम घालून निजवलेल्या केळीचासुद्धा हेवा वाटला. बाई केळीवर जळते, हे कोणाला सांगायचं?

शेजारी शिरपूरकडची अक्का होती. ती पुटपुटली, "बठ्ठं त्यासनंच शे, माय. गप ऱ्हाय."

सगळं त्यांचंच असलं, तरी गप्प नाही राहिले. ओल्या हातांनी पोरीला उचललं, काचेचं दार ढकललं आणि तिला सोफ्यावर त्या मुलाशेजारी बसवलं.

शेठ म्हणाले, "ताई, हे ऑफिस आहे. पाळणाघर नाही."

"मग हा कोण? नवा क्लार्क?"

बाहेर कोणीतरी फिसकन हसलं.

"मॅडमची गोष्ट वेगळी आहे."

"शाळा उन्हाने बंद झाली, शेठ. त्यांचं ऊन वेगळं आहे का?"

मॅडम दार लावायच्या निमित्ताने जवळ आल्या. हळूच म्हणाल्या, "प्लीज, वाढवू नका. मागे पावसाने शाळा बंद झाली तेव्हा मलाही सुट्टी नव्हती. मुलाला घरात कोंडून कुलूप लावून आले होते. आज शेठचा मूड चांगला आहे. उद्याचं मला माहीत नाही."

तेव्हा डोक्यात लख्ख उजेड पडला. मी जिच्यावर जळत होते, तिच्याकडेही हक्क नव्हता. मर्जी होती. शेठने मर्जी एकीला दिली, दुसरीला नाही दिली, आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. देणाऱ्याकडे कोणीच बघितलं नाही.

मला तिथल्या तिथे कामावरून काढलं. पोरीच्या डोक्यावर पदर धरून भर उन्हात रस्त्याला लागले.

जळणं अजून थांबलेलं नाही. ते मोजे डोळ्यांपुढून हलत नाहीत. पण तो सोफा आता मला नको. शेठने उद्या हसून पोरीला तिथे बसवलं तरी नको. शाळा बंद करा, पोरांचा जीव वाचवा. पण त्याच आदेशात लिहा, की पोराजवळ थांबलेल्या आईबापाचा रोज कापायचा नाही आणि त्यांना कामावरून काढायचं नाही. आई हौदावर असो नाहीतर काचेत.

उद्याही शाळा बंद आहे. ऊन चढायच्या आत मी गेटवर उभी राहणार. आत जाणाऱ्या प्रत्येक बाईला हे सांगणार. मॅडमची स्कूटीही थांबवणार.

अक्काने फोनवर विचारलं, "एकलीच उभी ऱ्हाशी का?"

हो. पहिल्या दिवशी एकटीच.