रेषेपुढचा पाय

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या रेफरीइतका सरळ माणूस मी उभ्या जन्मात दुसरा पाहिला नाही, आणि खरं सांगायचं तर पाहायची इच्छाही नाही. एक पुरे झाला. पोटापाण्यासाठी तो कॉम्प्युटरचा इंजिनिअर होता, तोयोसुला, माझ्या मुलाच्याच ऑफिसात. त्या वर्षांत जपानात, एदोगावातल्या आमच्या इमारतीत सारखा कोणी ना कोणी नवा इंजिनिअर प्रेशर कुकर बगलेत मारून येऊन थडकायचा, त्यांतलाच हा एक. वय चाळिशीच्या अलीकडे, लग्न नाही, गाव कोल्हापूर. तिथे म्हणे पेठापेठांत फुटबॉल चालतो आणि त्यापायी लोक एकमेकांची तोंडं बघत नाहीत. तिथेच यानं रेफरीची परीक्षा दिली आणि दुर्दैवानं पास झाला. पुढे मैदान सुटलं, पण शिट्टी आणि पिवळं कार्ड घेऊनच गडी विमानात बसला.

ते कार्ड त्याच्या शर्टाच्या खिशात कायम असे. जपानात कचऱ्याचं सोवळं फार. जळणारा वेगळा, न जळणारा वेगळा, बाटल्या धुऊन, झाकणं काढून, ज्याचा त्याचा वार ठरलेला. नव्या पोरांना हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. रेफरी सकाळी इमारतीखाली उभा राहून ते एका दिवसात पाडायचा. एकदा झाकणासकट बाटली टाकणाऱ्या एका पोराला त्यानं असं काही कार्ड दाखवलं की पोरगा पिशवी उचलून परत घरात पळाला आणि आठवडाभर कचरा घेऊन खाली आलाच नाही. मलाही एकदा मिळालं, मेथीची देठं न निथळता टाकली म्हणून. मी ते कार्ड त्याच्या हातातून घेतलं, फाडलं आणि देठांवर टाकलं. दुसऱ्या दिवशी हा प्लास्टिकमध्ये मढवलेलं नवं कार्ड घेऊन दारात हजर. म्हणाला, "काकू, हे फाडलंत तर न जळणाऱ्यात टाकावं लागेल. तो वार गुरुवार."

जपान त्याला फार मानवला. स्टेशनवर गाडीचा दरवाजा जिथे थांबतो तिथे रेघा आखलेल्या असतात आणि माणसं त्यांच्यामागे मुकाट उभी राहतात, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते, असं माझा मुलगा सांगतो. बाकीचे लोक फलाटावर घड्याळ बघतात, नाहीतर पोरी. हा लोकांचे पाय बघायचा. कोणाचा बूट बोटभर रेघेपुढे गेलेला दिसला की याच्या कपाळावर आठी. मी म्हटलं, अरे बाबा, गाडी यायची आहे अजून, त्याच्या बुटानं काय बिघडलं? तर म्हणे, रेघ ही रेघ असते काकू. असल्या माणसाला कोण मुलगी देणार? एक स्थळ आलं होतं म्हणतात. मुलगी ठरलेल्या वेळेनंतर आली आणि यानं तिला खेळायला घेतलंच नाही.

आता त्या फुटबॉलचं सांगते. युरोपातले मोठाले क्लब वर्षभर आपसात झुंजतात आणि शेवटी एकाला दोन मोठ्या कानांचा कप मिळतो. रेफरीचा जीव त्यातल्या लाल शर्टवाल्या इंग्रजांवर. मॅच तिकडे रात्री, म्हणजे आमच्याकडे पहाटे. तो पहाटे उठायचा नाही, कारण झोप नेमानं घ्यावी. मॅच टेपवर घ्यायची आणि संध्याकाळी आंघोळ करून बघायची, अशी त्याची पद्धत. पण त्याचं घर उत्तरेला, तिथे डिश लागत नाही. म्हणून डिश आमच्या गॅलरीत, माझ्या पापडांच्या शेजारी, आणि टेपचं यंत्र आमच्या टीव्हीखाली. मी एकदा तिच्यावर पायपुसणं वाळत घातलं, तर ती अख्खी मॅच मुंग्यांनी खेळली. मॅच लांबली तर यंत्राचा टायमर मध्येच बंद पडतो, म्हणून बटण दाबायला माणूस पाहिजे. मी पहाटे उठतेच. मग आलंच ते काम माझ्याकडे.

बटण दाबून भिंतीकडे तोंड करून बसणार थोडीच? चहा पीत मी मॅच बघायला लागले. सुरुवातीला मला एवढंच दिसलं की बावीस धडधाकट पुरुष एवढ्या चांगल्या हिरवळीवर जागोजाग थुंकताहेत. हळूहळू कळायला लागलं. मी चौथी पास, पण गोल कशाला म्हणतात ते समजायला पाचवीची गरज नसते. झालं असं, की संध्याकाळपर्यंत निकाल माहीत असलेली घरात मी एकटी, आणि निकाल कानावर पडू नये म्हणून दिवसभर जिवाचा आटापिटा करणारा तो वरच्या मजल्यावर.

तो आटापिटा बघण्यासारखा असे. मोबाईल बंद. कानांत कापूस. गाडीत लोक खेळाची वर्तमानपत्रं उघडून बसतात म्हणून त्या दिवशी सायकल, नदीवरच्या पुलावरून थेट तोयोसुपर्यंत, मान खाली घालून. ऑफिसात खुर्चीला पाटी टांगलेली: कृपया मॅचविषयी बोलू नये. जपानी लोक ती वाचून वाकायचे आणि कामाचंही बोलायचे नाहीत. आपली पोरं मात्र छळायची. एकदा कोणी लिफ्टमध्ये त्याच्याकडे बघून नुसता हसला, तर यानं ठरवलं की निकाल फुटला, आणि ती टेप बघितलीच नाही. माझ्यावर मात्र विश्वास. म्हणायचा, "काकू, तुमचं तोंड म्हणजे कुलूप लावलेलं कपाट." माझ्या नवऱ्याचंही हेच मत होतं, पण त्याला ते आवडत नसे. पहिल्यांदा लाल शर्टवाले जिंकले तेव्हा मी आपला थोडा शिरा केला. तुपाचा वास जिन्यातून वर गेला आणि याला निकाल कळला. मला पिवळं कार्ड. तेव्हापासून हरोत की जिंकोत, मॅचच्या दिवशी शिरा ठरलेला.

त्या वर्षी लाल शर्टवाले पडत धडपडत पुढे जात राहिले. उपांत्य सामन्यात त्यांचा एक चेंडू गोलाच्या रेषेवरून आत गेला की नाही, यावर सगळीकडे भांडणं झाली. पंचानं गोल दिला, लाल शर्टवाले त्या एका गोलावर अंतिम सामन्यात गेले. दुसरा कोणी असता तर नाचला असता. यानं टेप मागे-पुढे करकरून पार झिजवली, माझ्या सुनेची शिवणकामाची पट्टी टीव्हीच्या काचेला लावली आणि शेवटी खाली मान घालून म्हणाला, गोल नव्हता. शिऱ्याला हात लावला नाही. लायक नाही म्हणे आपण. मी म्हटलं, मेल्या, गोल तू मारलास की काय?

या असल्या सरळपणाची किंमत त्यानं आधी एकदा मोजली होती. ते मला त्याच्या वहिनीकडून कळलं. त्याचा फोन निम्मा वेळ बंद, म्हणून ती आमच्या घरी फोन करून त्याची खुशाली विचारायची. याचा दादा पेठेच्या तालमीच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर. एका वर्षी अंतिम सामन्याला ठरलेला रेफरी आजारी पडला, तर दोन्ही बाजू म्हणाल्या, धाकट्याला घ्या, तो खोटं करणार नाही. शेवटी पेनल्ट्या आल्या. दादानं शेवटची अडवली, सगळी पेठ गुलाल घेऊन मैदानात घुसली, आणि यानं शिट्टी मारली. चेंडू मारायच्या आधी गोलकीपरचा पाय रेषेपुढे आला, परत मारा. परत मारली ती आत गेली. त्या रात्री दादा आपलं ताट उचलून दुसऱ्या खोलीत जाऊन जेवला. पाय रेषेवरच होता, असं तो सगळ्यांना सांगत राहिला, आणि या भावाशी पुन्हा एक शब्द बोलला नाही. लोक जपानला पैसा कमवायला येतात. हा आला तो एका घरात दोन ताटं बघवेनात म्हणून.

अंतिम सामना तुर्कस्तानात झाला. मी पहाटे पूर्ण बघितला, काय झालं ते मला माहीत होतं, आणि शिरा भाजायला घेणार तेवढ्यात फोन वाजला. वहिनी असेल म्हणून उचलला, तर पुरुषाचा आवाज. त्याचा दादा. कोल्हापुरात अजून उजाडलंही नसणार. म्हणाला, "त्याला जरा बोलवता का?"

मी वर गेले. हा हेल्मेट घालून, कानांत कापूस कोंबून सायकल काढायच्या बेतात. मला बघताच दोन्ही हात कानांवर. मी एक हात ओढून कापूस काढला आणि सांगितलं, दादा आहे फोनवर. तो जिन्यातच उभा राहिला. दादाला मॅचबद्दलच बोलायचं असणार, हे त्यालाही कळलं होतं. एवढा अख्खा हंगाम जपलेली ती मॅच एका वाक्यात फुकट जाणार होती. मी म्हटलं, तुझ्या मॅचला आग लागो, आयएसडी आहे, चल. तो माझ्या पुढे खाली आला, हेल्मेटसकट.

फोनमध्ये हा पहिलं काय म्हणाला, तर घरी सगळी बरी हाईत न्हवं? दादाचा आवाज असा की मला स्वयंपाकघरात ऐकू येत होता. सगळी बरी होती.

"बघितलीस?" दादानं विचारलं.

"न्हाई अजून. संध्याकाळी."

एवढ्या वर्षांचा सूड घ्यायला दादाला एक शब्द पुरला असता. तो म्हणाला, "मग संध्याकाळी बघताना फोन लाव. एक इचारायचं हाय." आणि ठेवला.

रेफरी ऑफिसला गेला. दुसरा कापूस कानात तसाच, पहिला माझ्या मुठीत.

संध्याकाळी त्यानं फोन लावून स्पीकर चालू केला, फोन टीपॉयवर शिऱ्याच्या बशीशेजारी ठेवला आणि मी टेप लावली. पहिल्याच मिनिटाला गोल बसला. अर्धी मॅच होईपर्यंत तीन. लाल शर्टवाल्यांचं पार भरीत. याचा चेहरा असा झाला की मला सांगून टाकावंसं वाटलं, आणि मी उठून चहा ठेवला. फोनमधून फक्त दादाच्या श्वासाचा आवाज आणि मागे कुठेतरी स्कूटरची किक. हा म्हणाला, बंद करू या काकू. तर फोनमधून आलं, गप बस, शेवटची शिट्टी वाजली न्हाई अजून. पुढचं सगळं जाणणारे आम्ही दोघं, एक एदोगावात आणि एक कोल्हापुरात, आणि मध्ये हा एकटा अडाणी. मग एक गोल फिटला. लगेच दुसरा. मग तिसरा. हा सोफ्यावरून खाली सरकत सरकत टीव्हीसमोर गुडघ्यांवर आला आणि तिथेच राहिला, थेट पेनल्ट्यांपर्यंत.

लाल शर्टवाल्यांचा गोलकीपर अंगात आल्यासारखा नाचत होता. हात हलवत, गुडघे वाकवत, रेषेवर इकडून तिकडे. त्यानं शेवटची पेनल्टी अडवली आणि सगळी लाल पलटण त्याच्याकडे धावत सुटली. हा ओरडला नाही, हललाही नाही. मला वाटलं, आनंदानं थिजला. मग दादाचा आवाज आला.

"आता सांग, रेफरी. पाय पुढं व्हता का न्हाई त्याचा?"

त्यानं टेप मागे घेतली. पुन्हा बघितली. पुन्हा मागे. मी त्याच्याकडे बघून नाही अशी मान हलवली. खोटं बोल मेल्या, जन्मात एकदा बोल, तुझ्या त्या कार्डाला काही फोड येणार नाहीत. त्यानं माझ्याकडे बघितलं, फोनकडे बघितलं, आणि शर्टाच्या बाहीनं टीव्हीची काच पुसली.

"व्हता, दादा. चांगला पुढं व्हता. परत माराय पायजे व्हती."

मी टीव्हीचा आवाज कमी केला.

"माझा बी व्हता," दादा म्हणाला. "मला तवाच ठावं व्हतं. पर तू माझा भाऊ व्हतास रे."

"रेफरी व्हतो, दादा."

"व्हय. अजून बी हाईसच." मग खाकरल्याचा आवाज आला. "जेवलास का?"

तो नाही म्हणाला, शिरा हाय म्हणाला, आणि बशी मांडीवर घेऊन सगळा संपवला. थंड झाला होता, साखरही जरा जास्त पडली होती. खाताना नाक वर ओढत होता, ते मी बघितलं नाही असं दाखवलं. तेवढं मला जमतं.

वर्षभरात तो कोल्हापूरला परत गेला, कायमचा. वहिनी अजून कधीमधी फोन करते. परत रेफरी झाला म्हणे. पहिल्याच सामन्यात दादाच्या तालमीविरुद्ध पेनल्टी दिली. दादा त्याच्याशी आठ दिवस बोलला नाही. आठच. जेवायला मात्र शेजारीच बसत होता.

डिश अजून आमच्या गॅलरीत आहे. तिच्यावर मी आता पायपुसणी वाळत घालते, कोणाची मॅच बिघडत नाही. वर नवा इंजिनिअर आला आहे, बरा आहे, कोणाच्या पायांकडे बघत नाही. परवा घाईत मी बाटली झाकणासकट टाकली आणि निघाले, तर दोन पावलांवर पाय अडला. उगीचच जिन्याकडे बघितलं. तिथे कोणीच नव्हतं. मग परत गेले, बाटली काढली आणि झाकण काढून टाकलं.