हेल्गावहिनींचा गुडघा

डिसेंबरातल्या एका सकाळी मी शाळेला निघाले होते, तेवढ्यात फोन वाजला. समोरच्या घरातले देसाई भाऊजी होते. "बाई, हेल्गा गेली," एवढंच म्हणाले. रस्ता ओलांडून यायचं सोडून त्यांनी फोन का केला, हे मला आधी कळेना. नंतर म्हणाले, तिला एकटीला सोडून यायचं नव्हतं. चहा गाळता गाळता वहिनींना हृदयविकाराचा झटका आला, आणि डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. त्याला आता सहा आठवडे झाले.

देसाई भाऊजी तरुणपणी धातूच्या ओतकामाचं शिक्षण घ्यायला जर्मनीला गेले आणि येताना हेल्गावहिनींना घेऊन आले. सासर नेसरीचं. राजारामपुरीत आमच्या गल्लीत घर बांधेपर्यंत वहिनी चार वर्षं गावी सासूजवळ राहिल्या आणि मराठी तिथंच, चुलीपुढं बसून शिकल्या. नवा भाजीवाला गोरी बाई बघून हिंदीत भाव सांगायचा. वहिनी म्हणायच्या, "पावणं, मराठीत सांगा की. वांगी कालची हायत न्हवं?" तो मुकाट्यानं ताजी वांगी काढायचा. मी नागरिकशास्त्राची शिक्षिका, शुद्ध बोलण्याचा मला भारी अभिमान. त्यावरून त्या मला चिडवायच्या, "बाई, तुमी रेडिओवानी बोलता." मला राग यायचा, खोटं कशाला सांगू! पण माणूस म्हणून त्या मला फार आवडत. जर्मन पासपोर्ट परत करून त्यांनी कधीच भारताचं नागरिकत्व घेतलं होतं. आठवीच्या वर्गात नागरिकत्वाचा धडा आला की मी उदाहरण त्यांचंच देत असे.

आमच्या गल्लीत पंधरा ऑगस्टला झेंडावंदन होतं. त्यासाठी बाहेरून पाहुणा बोलवायचा नाही. गल्लीत येऊन राहिलेल्यांचा जो क्रम, त्या क्रमानं दर वर्षी एकाच्या हातून झेंडा फडकवायचा, अशी पद्धत. नव्व्याण्णव साली पाळी वहिनींची होती. नेमकं त्याच वर्षी, परदेशात जन्मलेल्या माणसाच्या हाती देश द्यावा का, यावरून सगळीकडे वाद पेटला होता. निवडणूक तोंडावर आलेली. पानपट्टीवर तोच विषय, शिक्षकांच्या खोलीत तोच.

गल्लीची बैठक माझ्या घरी झाली, कारण कार्यवाह मी. मोरे कॉन्ट्रॅक्टरांनीच विषयाला तोंड फोडलं. "वहिनी लई चांगल्या हायत, त्यात वादच न्हाय. पण झेंडा म्हंजे झेंडा हाय की. माणसाचं मन शेवटी जन्माच्या मातीतच असतंय." कुणीतरी म्हणालं, त्यांच्याकडे कायद्याचा दाखला आहे. त्यावर मोरे म्हणाले, "कागदाचं सोडा वं. रीतभात अंगात असावी लागती. यंदा वटपौर्णिमेला तरी आल्या का त्या?" ते खरं होतं. गल्लीतल्या सगळ्या बायका वडापाशी जमल्या होत्या, फक्त वहिनी नव्हत्या. आम्ही बायकांनीच त्या दिवशी म्हटलं होतं, किती झालं तरी परक्या त्या. बैठकीत सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कायदा शिकवणारी, एक वाक्य बोलले असते तर पुरलं असतं... मी काही बोलले नाही. खाली मान घालून इतिवृत्तात क्रमातलं पुढचं नाव लिहिलं, 'यंदा ध्वजवंदन इनामदार सरांच्या हस्ते.' लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

हे वहिनींना सांगायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून म्हटलं, "वहिनी, पावसानं चबुतरा निसरडा झालाय. तुमचा गुडघा दुखतो, म्हणून यंदा इनामदार सरांना सांगितलंय." त्यांचा गुडघा दुखतो असं मी त्याआधी कधी ऐकलंही नव्हतं. त्यांनी एकदा गुडघ्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "सरास्नी तर काठी लागती की," एवढंच म्हणाल्या. मग मला चहा दिला. पंधरा ऑगस्टला भर पावसात छत्री मिटून त्या शेवटच्या रांगेत ताठ उभ्या होत्या. दोन वर्षांनी वातावरण निवळलं, तेव्हा मोरेच पुढं होऊन म्हणाले, यंदा वहिनींना मान देऊ. मी मोठ्या उत्साहानं निरोप घेऊन गेले. वहिनी पीठ मळत होत्या. हसून म्हणाल्या, "न्हाय वं बाई. आता माझा गुडघा दुखतोय." पुढं कुणी विचारलं नाही. आमचं जाणं-येणं, वाटीतून भाजीची देवाणघेवाण शेवटपर्यंत चालू राहिली. तो विषय मात्र मी कधी काढला नाही, त्यांनीही नाही.

तेरावं झाल्यावर एकदा मी भाऊजींकडे बसले होते. बोलता बोलता ते म्हणाले, "तिची आई गेली तवाबी ती अशीच गप राहिली." मला काहीच माहीत नव्हतं. मग त्यांनी सांगितलं. नव्व्याण्णवच्या जूनमध्ये जर्मनीहून फोन आला. वहिनींचा पासपोर्ट भारताचा, त्यामुळे स्वतःच्या आईला माती द्यायला जायलाही व्हिसा हवा. तो हातात पडेपर्यंत तिकडे सगळं उरकलं होतं. मग वहिनींनी घरातच तीन दिवस सुतक पाळलं. लग्न झालेल्या लेकीला आई-बापाचं तीन दिवसांचं असतं, हे नेसरीच्या सासूनं शिकवलेलं. त्यातल्या दुसऱ्या दिवशी वटपौर्णिमा होती. "गल्लीत सांगूया म्हटलं," भाऊजी म्हणाले, "तर म्हणाली, नगं, बायकांचा सण हाय, त्यास्नी कशाला कळवायचं."

मला बसवेना. मी भाऊजींना सगळं सांगून टाकलं. बैठक, मोऱ्यांचं बोलणं, माझं गप्प बसणं, गुडघ्याची थाप. ते म्हणाले, "तिला म्हाईत होतं, बाई. त्याच दिवशी मला म्हणाली, बाकीचे सांगायला आलेबी न्हाईत. बाईस्नी निदान लाज वाटली, म्हणून तर खोटं बोलल्या."

मी घरी आले. ते वाक्य तेव्हापासून मनातून जात नाही. वहिनींनी माझ्याबद्दल जितकं चांगलं धरून ठेवलं, तितकं त्या दिवशी माझ्यात होतं का? लाज वाटली असती, तर मी बैठकीतच बोलले असते. मला फक्त भीती वाटली होती.