काणे सरांनी खोटा ठरवलेला मेल

१९ नोव्हेंबर, बुधवार. सकाळपासून धुरकं, खिडकीसमोरची लायब्ररी बारानंतर दिसली.

उत्तरेतल्या या विद्यापीठात विभागाच्या ऑफिसात काम करताना ई-मेलच्या गमतींसाठी मी डायरीत एक पान राखलं होतं. त्या पानाची आता वही झाली आहे, आणि तिच्यात बहुतेक ठिकाणी आमचे विभागप्रमुख काणे सरच आहेत.

सुरुवात 'तुमचा मेलबॉक्स भरला आहे' या मेलपासून. सरांनी लिंक उघडून पासवर्ड दिला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या नावाने वजन कमी करणाऱ्या चहाची जाहिरात सगळ्या विद्यापीठाला गेली. आठवडाभर लोक त्यांना जिन्यात थांबवून विचारत होते, "सर, फरक पडला का?"

मग सर सावध झाले. 'पासवर्ड कोणालाही सांगू नका' असं हिंदी पोस्टर स्वतःच्या सहीने प्रत्येक खोलीत लावलं. लॅबमधल्या चौधरीजींनी आपला पासवर्ड त्याच पोस्टरवर लिहून ठेवला. सर रागावले, तर चौधरीजी शांतपणे म्हणाले, "पीछे लिखा है सर, सामने थोड़े ही!"

पुढे कुलसचिव कार्यालयातून बैठकीचा मेल आला. सरांनी तो खोटा ठरवला. "यात 'कृपया' आहे. ते लोक आपल्याला कधी कृपया म्हणालेत?" बैठक खरीच होती. सर गैरहजर, म्हणून तिथे त्यांनाच ई-मेल सुरक्षा समितीचं अध्यक्ष करून टाकलं!

आज पाळी मीनल साठेची. ही आमची तरुण प्राध्यापक, पुण्याची. परदेशात वर्षभर संशोधन करायची तिची संधी सरांच्या शिफारसपत्रावर अडली होती. मुदत आज पाचपर्यंत. पत्र तयार होतं. पण मीनलचा दुपारचा मेल सरांनी साडेचारला उघडला: शिफारसपत्र पाठवायचा ई-मेल पत्ता बदलला आहे, कृपया पाचच्या आत नव्या पत्त्यावर पाठवा.

"घाई आणि कृपया, दोन्ही एकाच मेलमध्ये," सर म्हणाले. "नकली."

मी मीनलला फोन लावला. बंद. ती वर्गात शिकवत होती. शेवटी सरांना घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेलो.

दारातूनच सरांनी विचारलं, "मीनल, हा मेल तूच पाठवलास?"

"हो, सर."

"कशावरून? पासवर्ड सांग बघू."

मीनलने घड्याळाकडे बघितलं. पहिल्या बाकावरची मुलगी उठली आणि दाराशेजारच्या पोस्टरकडे बोट दाखवून म्हणाली, "सर, नीचे साइन आप ही के हैं."

सरांनी चष्मा लावून पोस्टर सहीपर्यंत वाचलं. "बिल्कुल," म्हणाले, आणि जिना उतरू लागले.

पत्र चार छप्पन्नला गेलं. पोचल्याचं उत्तर चार अठ्ठावन्नला आलं.